बस ना बे

पावणेपाचला इंदोऱ्याच्या चौकात फक्त
दूधवाला, मी आणि काळ्या.
काळ्याला मालक नाही, पट्टा नाही,
तरी रोज माझ्या सायकलीमागे पुलापर्यंत येतो
आणि पुलाशी थांबतो,
पुढचा इलाका दुसऱ्यांचा.

तिकडे धरमपेठेत, चौथ्या माळ्यावर,
एसीच्या खोलीत स्टॉर्म जागा झालेला असतो.
निळ्या डोळ्यांचा, बर्फाच्या मुलखातला केसाळ जीव,
मे महिन्याच्या नागपुरात.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.
मला कंपनीनं एवढंच विचारलं,
कुत्र्यांची भीती वाटते का?
म्हटलं, नाही. कुत्र्यांची नाही.

'चालणं सुरू' दाबलं
की मी मोबाइलात एक हिरवा ठिपका होते.
मालकीणबाई अंथरुणातून ठिपका बघतात,
लक्ष्मीभुवन, शंकरनगर, ट्रॅफिक पार्कची जाळी.
ठिपका दोन मिनिटं थबकला की विचारणा.
मग फोटो पाठवायचा. हो, त्याचाच.
उजेड नसेल तर टॉर्च लावून,
स्पष्ट.

बूट भरतीचेच आहेत.
तीन हिवाळे धावले त्यांवर मानकापूरच्या मैदानात,
आठशे मीटर, छातीत फुटाणे फुटेस्तोवर,
आणि मोजपट्टीपाशी एक सेंटिमीटर कमी पडले.
त्या बाईनं दोनदा मोजलं. भली होती.
आई अजून म्हणते,
'पोलिसात जाणार होती ना वं तू?
आता लोकायले काय सांगू,
पोरगी कुत्र्यायच्या मांगं फिरते?'
मागं नाही गं आई, पुढं.
नियमच आहे, कुत्रा डावीकडे,
चालवणारी अर्धं पाऊल पुढं.

हे मात्र तिला सांगितलं नाही,
की लांडग्याच्या तोंडाचं जनावर दोरीला धरून
संध्याकाळच्या फेरीला निघाले
तेव्हा पानठेल्यावरचे पोट्टे बाजूला सरकले.
तेच पोट्टे.
शिट्टी नाही, गाणं नाही,
एकानं तर सिगारेट पाठीमागं लपवली.
इतकी वर्षं या फुटपाथाला
रुंदी होती हे मला माहीतच नव्हतं.

मग तक्रार आली.
ऑफिसातून खापेकर सर,
'प्रणाली, स्टॉर्म सिट म्हटल्यावर बसत नाही.
स्टे म्हटल्यावर थांबत नाही.
पाहुण्यांसमोर सगळं घर सिट सिट करत होतं
आणि तो दाराकडे बघत उभा.
तीस हजारांचं ट्रेनिंग आहे त्याचं.
तू करतेस काय त्याच्याशी?'

काय करते.
बोलते.
सिग्नलपाशी, थांब ना बे, मरशीन.
गाईवर भुंकला की, काऊन बे,
तुह्या बापाचा रस्ता हाय का?
आणि दमून कडुलिंबाखाली आलो
की, बस ना बे जराकसा.
आणि तो बसतो,
जीभ लोंबत, मान तिरकी,
सात पिढ्या इंदोऱ्यात काढल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ठरवून गेले.
सिट, म्हटलं.
त्यानं निळे डोळे वर केले
आणि माझ्याकडे असं बघितलं,
जणू मी टेबलापलीकडे बसलेय
आणि त्याची कागदपत्रं मागतेय.
सिट, स्टॉर्म.
शेपटी खाली गेली त्याची.

हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून
सात मोजायचे, हाही नियम.
पोळलं तर परत फिरायचं.
सूर्य बुडून गेला होता, तरी तीनलाच पोळलं.
आमच्या बुटांबद्दल नियमात काही नाही.
घामाघूम उभे राहिलो दोघं भिंतीला लागून,
ठिपका हलेना,
खिशात फोन थरथरला, थरथरला.
मी आजूबाजूला बघितलं,
खाली वाकले,
त्याच्या कानात म्हटलं.
बसला.

रात्री पुलाशी काळ्या हजर.
माझ्या पँटीवरचं धरमपेठ त्यानं खूप वेळ हुंगलं,
नाक वाकडं केलं.
मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं,
काळ्या, सिट.
तो वळला
आणि चालू लागला घराकडे,
माझ्या अर्धं पाऊल पुढं.